वडगावातून नगरसेवकपदासाठी उभं राहावं म्हणतेय, तुमचं मत हवंय

गिरणीवाली

नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावात घराखालीच माझी पिठाची गिरणी आहे, सोळा वर्षं झाली. महिन्याभरापासून गल्लीतल्या बायका मागे लागल्यात, "पुढच्या कार्पोरेशनला तू उभी राहा." आधी मी विषय बदलायची. आता मलाच ते पटायला लागलंय, म्हणून इथे विचारतेय.

झालं असं. जुलैत मोठा पाऊस लागला त्या रात्री गिरणीसमोरचं ड्रेनेजचं चेंबर उसळलं आणि घाण पाणी उंबऱ्यावरून आत आलं. दळणाचे डबे खालीच होते. अकरा डबे गेले. ज्वारी, गहू, एका बाळंतिणीसाठी आणलेली नाचणी. ज्यांना ज्यांना फोन करायचा त्या सगळ्यांना केले. दोन दिवसांनी एकजण आला, बांबूने ढोसून गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी आम्ही दहाजणी जाऊन बसलो तेव्हा जेटिंगची गाडी आली. नळी आत गेली आणि बाहेर काय आलं, तर सिमेंटची ढेकळं. पुढच्या वळणावर रस्ता करताना उरलेला माल कुणीतरी चेंबरात ढकलला होता. त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. काम होताना तिथे आमच्यातलं कुणीतरी उभं असायला हवं होतं.

विचारायचंय ते असं: अपक्ष राहावं, समितीकडे (बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती) जावं की पक्षाकडे? कन्नड मला बोलता येतं, वाचताना अडखळते. सभेत निभेल का? आणि खर्चाचं कसं करतात?

शहापूरकर

ताई, उभ्या राहाच. पण तुमचे तिन्ही प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न आरक्षणाचा. कर्नाटकात शहरी संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत, पण तुमचा वॉर्ड कोणत्या गटाला सुटणार ते सरकारचं राजपत्र आल्यावरच कळतं. दर निवडणुकीला ते फिरतं. चार वर्षं तयारी केलेली माणसं एका कागदाने घरी बसलेली मी पाहिलीत. त्यामुळे स्वतःच्या वॉर्डाबरोबर शेजारच्या वॉर्डातही ओळख ठेवा. उमेदवाराचं नाव शहराच्या मतदार यादीत असलं की दुसऱ्या वॉर्डातूनही उभं राहता येतं.

दुसरं, वेळेचा भरवसा ठेवू नका. आधीच्या सभागृहाची मुदत २०१९ ला संपली, निवडणूक झाली ३ सप्टेंबर २०२१ ला. ६ तारखेला निकाल लागला आणि निवडून आलेले लोक पहिल्या बैठकीसाठी फेब्रुवारी २०२३ पर्यंत थांबले. जवळपास सतरा महिने! लोक दारात येऊन कामं सांगायचे आणि यांच्या हातात अधिकार शून्य. मुदत पहिल्या बैठकीपासून मोजतात, म्हणजे ती २०२८ च्या सुरुवातीला संपते. निवडणूक तेव्हाच होईल असं मात्र गृहीत धरू नका.

कपिलेश्वर_रोड

गिरणीवाली उभी राहिली तर प्रचाराला वेगळं फिरायलाच नको. अख्खा वॉर्ड डबा घेऊन तिच्या दारात येतो. 🙂

अनगोळचा_पोरगा

आमच्या घरचं सांगतो. २०२१ ला वडील अपक्ष उभे होते. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. वडील ६३ मतांनी पडले. त्याच गल्लीतून, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातून, दुसरे काका उभे होते. त्यांना २८० च्या आसपास पडली. दोघंही मराठी, दोघंही एकाच गणेशोत्सव मंडळाचे, दोघंही सज्जन. गल्लीच्या पंचांनी दोनदा बसवून समजावलं. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत दोघंही एकमेकांची वाट बघत आपापल्या घरात बसले. कुणीच गेलं नाही.

हरल्याचं दुःख वडिलांना फारसं नव्हतं. पण त्यानंतर दोन वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. माझ्या बहिणीच्या लग्नाला काकू आल्या त्या मंडपाच्या मागच्या दाराने, अक्षता टाकून तशाच गेल्या. ताई, पक्ष-अपक्ष ते ठरेल. तुमच्या वॉर्डात आणखी कोण उभं राहायच्या विचारात आहे ते आज शोधा आणि त्यांच्या घरी जा. अर्ज भरल्यावर कुणी मागे येत नाही.

टिळकवाडी_आजोबा

वरच्या मुलाने लिहिलं ते वाचून गलबलून आलं. हीच आपली सत्तर वर्षांची जखम आहे.

मी समितीच्या बाजूनेच बोलणार, लपवत नाही. बेळगावची महापालिका इतर शहरांसारखी नाही. २००५ साली याच सभागृहाने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळं फासलं गेलं आणि सरकारने महापालिकाच बरखास्त केली. २०१३ च्या निवडणुकीत पुन्हा मराठी गटाला बहुमत मिळालं. आणि २०२१ मध्ये काय झालं? पक्ष पहिल्यांदाच चिन्हावर उतरले. ५८ पैकी भाजप ३५, काँग्रेस १०, आणि समिती मोजक्या जागांवर. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात सीमाभागाचा दावा दाखल केला, तो अजून तिथेच आहे. अशा वेळी सभागृहात मराठी आवाज नसेल तर कागदोपत्री आपण नाहीच असं होईल.

बाई, तुम्ही जरूर उभ्या राहा, पण समितीच्या झेंड्याखाली राहा. गटाराचं काम कुणीही करील.

हिंदवाडीची_सून

आजोबा, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. "गटाराचं काम कुणीही करील" हे मला मान्य नाही. कुणी केलं नाही म्हणून तर अकरा डबे गेले. माझ्या माहेरी, चव्हाट गल्लीत, भाषण ऐकायला गर्दी व्हायची आणि पाणी मात्र आठ दिवसांनी यायचं. आईने आयुष्यभर घागरी मोजल्या. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत ती दर वर्षी चालली, एकदाही चुकली नाही. तिचा प्रश्न एवढाच असायचा की एक नोव्हेंबरला आमच्या घरी येणारी माणसं दोन नोव्हेंबरला कुठे असतात.

शहरातल्या दहा वॉर्डांना २००८ पासून चोवीस तास पाणी आहे. बाकीच्यांनी एवढी वर्षं राकसकोप धरण भरलं का नि हिडकलचं पंपिंग बंद पडलं का, हेच बघायचं. मराठी माणसाने मत दुसरीकडे का दिलं, याचं थोडं उत्तर या घागरीत आहे.

टिळकवाडी_आजोबा

सूनबाई, बोललात ते लागलं, पण खोटं नाही. ते वाक्य मी मागे घेतो. झेंड्याचं मागे घेत नाही.

पुणे_मुक्काम_बेळगाव

माझ्या मते आता प्रचार सगळा मोबाईलवर असतो. रोज एक छोटा व्हिडिओ टाका, चेंबरचा, खड्ड्याचा. तीन महिन्यांत ओळख होते. दारोदार फिरण्यात शक्ती घालवू नका.

अनगोळचा_पोरगा

दादा, वडिलांचा व्हिडिओ नऊ हजार लोकांनी पाहिला होता. त्यातले निम्मे पुण्या-मुंबईचे. तुमचं नाव अजून इथल्या यादीत आहे ना? मग मतदानाला या. २०२१ ला आमच्या गल्लीतली जवळपास चाळीस पोरं बाहेरगावी होती, आली सहा. ६३ चं अंतर तिथेच निम्म्यावर आलं असतं.

पुणे_मुक्काम_बेळगाव

नाव आहे. मागच्या वेळी आलो नव्हतो, हे कबूल करतो. या वेळी येईन.

आप्पा_खासबाग

मी घरात कन्नड बोलतो, मागावर मराठी बोलतो. माझ्या मराठीत चूक झाली तर समजून घ्या.

ह्या ताईची गिरणी मला बहुतेक माहीत हाय. आमची बायको तिथंच जोंधळा दळून आणते, ताईच्या गिरणीचं पीठ भाकरीला तुटत नाही म्हणते. ताई, तुम्ही समितीकडून उभ्या राहा नाहीतर अपक्ष राहा, मी मत देतो. पण एक गोष्ट मनाला लागते ती सांगतो. कार्पोरेशनला उभं राहणारे मराठी लोक आमच्या गल्लीत येतच नाहीत. "ती कन्नड गल्ली" म्हणून पुढच्या गल्लीला जातात. आमच्याकडे पण पावसात पाणी शिरतंय. बळ्ळारी नाला फुगला की मागाच्या खड्ड्यात पाणी येतंय, सूत भिजतंय, आठवडाभर माग बंद. पाण्याला भाषा कळत नाही ओ.

तुम्ही या. तुमचं जसं हाय तसं कन्नड बोला. बायका खूश होतील.

खानापूरची_वाट

आप्पा, तुमचं मराठी आमच्या कॉलेजातल्या पोरांपेक्षा चांगलं आहे.

थोडं अवांतर: भाकरी न तुटणारं पीठ कसं दळतात ते ताईंनी सांगावं. आमच्या इथल्या गिरणीचं पीठ थापताना कडा फाटतात.

गिरणीवाली

खानापूरच्या ताई, जात्याच्या पाट्या, म्हणजे दळायचे दगड, वेळेवर टाकीने खडबडीत करून घ्यायचे आणि ज्वारी एकदम गरम होईस्तोवर घासायची नाही. पीठ गरम झालं की चिकटपणा जातो. दळून आणल्यावर डब्याचं झाकण लगेच लावू नका, निवू द्या. गव्हावर ज्वारी दळून देत असतील तर भांडा त्यांच्याशी.

आप्पा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. खरं सांगते, तुमच्या गल्लीत मी कधी उभी राहून बोलले नाही. बायका माझ्याकडे येतात, मी त्यांच्याकडे गेले नाही. येत्या रविवारी येते.

मारुती_गल्लीची_काकी

काय करूलालीस गं तू इथं लिहीत बसून! माझं दळण परवापासून पडूलालंय 😄 उभी राहा. मी हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला जाते तशी घरोघर तुझ्यासाठी जाईन.

निपाणीकर

आमच्याकडे नगरपालिका, तुमच्याकडे महानगरपालिका, पण उमेदवारांची गत सारखीच. चुलतभाऊ निवडून आला, मग अध्यक्षपदाच्या आरक्षणाचा वाद कोर्टात गेला आणि किती दिवस नुसतं सदस्य म्हणवून घेत फिरला. लोकांना वाटायचं, हाच काम करत नाही.

खर्चाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जाहीर खर्च वेगळा आणि शेवटच्या दोन रात्रींचा खर्च वेगळा. साड्या, पाकिटं, जेवणावळी. भावाने ठरवलं होतं की पाकीट द्यायचं नाही. दिलं नाही, तरी आला. सोपं नव्हतं. शेवटच्या रात्री घरातल्याच लोकांनी त्याला सांगितलं, "आता नाही दिलंस तर पडशील." तो म्हणाला, पडलो तर शेत तरी राहील. ताई, हा निर्णय त्या रात्री घेऊ नका. आत्ताच घ्या, घरच्यांना सांगून ठेवा.

एक_माजी_सदस्य

नाव नि वॉर्ड सांगत नाही. मी एक मुदत सभागृहात होते. आज हा धागा वाचला आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कन्नडबद्दल आधी. सभेची विषयपत्रिका कन्नडमध्ये येते. मराठीतून मिळावी ही मागणी जुनी आहे, रास्त आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. पण मागणी मान्य होईपर्यंत कागदावर काय लिहिलंय ते तुम्हाला कळलं पाहिजे. पहिलं वर्षभर मी पत्रिका घरी आणून शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यायचे. एकदा ती गावाला गेली होती. मी सभेत इतरांबरोबर हात वर केला. नंतर समजलं की माझ्याच वॉर्डातल्या एका रस्त्याचं काम पुढे ढकलायला मी संमती दिली होती. त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पहिलीचं कन्नडचं पुस्तक आणलं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. सात-आठ महिन्यांत वाचायला लागले. सभेत मराठीतच बोलले, शेवटपर्यंत. पण अधिकाऱ्याच्या टेबलावरचा कागद उलटा असला तरी मला वाचता यायचा, आणि ते त्यालाही माहीत होतं. आजोबा, यात माझं मराठीपण कुठे कमी झालं असं मला वाटत नाही.

अधिकार कुठे असतात तेही सांगते. महापौराची मुदत एक वर्षाची, स्थायी समित्यांचीही एकच वर्षाची. कर आणि अर्थ, आरोग्य आणि शिक्षण, नगररचना, लेखा अशा चार समित्या. सगळ्यांचा डोळा महापौरपदावर आणि अर्थ समितीवर. तुम्हाला गटाराचं नि कचऱ्याचं काम करायचं असेल तर आरोग्य समिती मागा, तिथे भांडण कमी असतं. वॉर्डातल्या कामाचं अंदाजपत्रक मागून घ्यायची सवय लावा. किती मीटर, किती जाडी, कोणता पाइप. काम चालू असताना तो कागद हातात घेऊन उभं राहायचं. तुमच्या चेंबरात सिमेंट ढकललं गेलं, कारण तिथे कागद घेऊन कुणी उभं नव्हतं.

आता एक सावधगिरी. तुमच्या घरात कुणी महापालिकेची कंत्राटं घेतं का, महापालिकेचा गाळा कुणाच्या नावावर आहे का, हे आधी तपासा. गोवावेसच्या खाऊ कट्ट्यावर पत्नीच्या नावाने घेतलेल्या गाळ्यांवरून २०२५ मध्ये प्रादेशिक आयुक्तांनी दोन नगरसेवकांना अपात्र ठरवलं, मग प्रकरण कोर्टात गेलं. निवडून येऊन असं होण्यापेक्षा गाळा आधीच सोडलेला बरा.

घरच्यांबद्दल थोडक्यात. मी निवडून आले तेव्हा अधिकारी माझ्या नवऱ्याला फोन करायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "सदस्य त्या आहेत, त्यांचा नंबर घ्या." एवढी एक गोष्ट नवऱ्याकडून आधी कबूल करून घ्या.

आणि सगळ्यात आधीचं काम: मतदार यादी. पोस्टर, पक्ष, पैसे सगळं नंतर. वॉर्डाची यादी विधानसभेच्या यादीतून तोडून काढतात. ती तोडताना सीमेवरची घरं इकडची तिकडे जातात. एकाच घरातली सासू एका वॉर्डात नि सून दुसऱ्या वॉर्डात, हे मी स्वतः पाहिलंय. यादी हातात घ्या आणि घर न् घर पडताळा. नवीन नाव घालायला फॉर्म ६, मयत किंवा गेलेल्यांचं काढायला ७, दुरुस्तीला ८. हे करताना मत मागू नका. नुसती नावं तपासा. मत मागायला फिरलेल्या बाईपेक्षा नाव घालून दिलेली बाई लोकांच्या लक्षात राहते.

शहापूरकर

हा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे.

टिळकवाडी_आजोबा

बाईसाहेब, मराठीपण कमी झालं असं मी तरी म्हणणार नाही. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात मी लाठ्या खाल्ल्या आहेत, माझ्या बरोबरीच्या पोरांची नावं हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकात आहेत, त्यामुळे माझं मन या बाबतीत हळवं आहे. सक्तीने लादलेली भाषा आणि आपल्या कामासाठी शिकलेली भाषा यांत मला फरक करता येतो. इतकी वर्षं तो मोठ्याने बोललो नाही, एवढंच.

हिंदवाडीची_सून

आजोबा, नमस्कार तुम्हाला.

कपिलेश्वर_रोड

ताई, मूळ प्रश्न राहिलाच. अपक्ष की समिती की पक्ष? पक्षाच्या तिकिटावरही मराठी माणसं भरपूर निवडून आलीत, हेही लक्षात घ्या. फक्त तिकीट कोण देणार आणि त्या बदल्यात काय मागणार, ते विचारून घ्या.

गिरणीवाली

दोन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

यादी काढली. आमच्या भागाची यादी घेऊन मी, काकी आणि माझी पुतणी अशा तिघी संध्याकाळी सहा ते आठ फिरतो. एकशे बारा घरं झाली. पहिल्याच पानावर माझ्या सासऱ्यांचं नाव निघालं. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. त्या ओळीवर पेन ठेवून मी थांबले, पुतणीने फॉर्म भरला. आतापर्यंत नऊ मयत, चौदा घर सोडून गेलेले, आणि एकवीस सुना अशा की लग्न होऊन वडगावात आल्या, पण नाव अजून माहेरीच. त्यातल्या एकीला तर मूल शाळेत जायला लागलंय.

आप्पांच्या गल्लीतही जाऊन आले. माझं कन्नड ऐकून मुलं हसली, पण बायकांनी चहा दिला. एका आजीने हात धरून मागाचा खड्डा दाखवला. पाण्याची रेघ भिंतीवर अजून आहे, माझ्या गुडघ्याएवढी. माझ्या गिरणीतली रेघ टाचेएवढी होती.

अनगोळच्या दादाने सांगितलं तेही केलं. पलीकडच्या गल्लीत एक शिवणकाम करणाऱ्या ताई आहेत, त्याही उभ्या राहणार असं कानावर होतं. त्यांच्याकडे गेले. आधी दोघीही जरा अवघडून बसलो. मग त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडे किती घरं?" मी यादी काढली, त्यांनी त्यांची वही काढली. दोघींनी एकच भाग अर्धा अर्धा तपासला होता! आता आम्ही भाग वाटून घेतलेत. आरक्षण कुणाला सुटतं ते बघून एकीनेच अर्ज भरायचा, दुसरीने सूचक म्हणून सही करायची, असं बोललोय. दोन्ही घरच्यांसमोर बोललोय. समितीच्या माणसांना दोघींनी मिळूनच भेटायचं. पाकीट द्यायचं नाही यावरही दोघींचं एकमत आहे. माझ्या नवऱ्याला ते पटायला एक रात्र लागली.

दिराकडे भाड्याचा गाळा आहे, तो कुणाच्या मालकीचा आणि करार कुणाच्या नावावर ते कागद काढायला सांगितलेत.

कन्नडचं पहिलीचं पुस्तक गिरणीतल्या मोटरीच्या कट्ट्यावर ठेवलंय. दळण चालू असताना एक-एक ओळ होते. पान थोडं पांढरं झालंय.

अनगोळचा_पोरगा

ताई, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने चप्पल घालून शेजारच्या काकांकडे गेले. अजून आले नाहीत.

एक_माजी_सदस्य

एकवीस सुनांचे फॉर्म भरलेत ना? प्रत्येकीची पोच ठेवा. छाननीला अधिकारी घरी येतात तेव्हा सून घरी असेल असं बघा, नाहीतर अर्ज फेटाळतात.

आप्पा_खासबाग

ताई, आमच्या गल्लीतली डाव्या हाताची घरं राहिली. मंगळवारी या. पहाटे साडेपाचला पाणी सुटतंय, त्या वेळेला सगळ्या बायका बाहेरच असतात.